डॉमिनिकाचे मोहितेअण्णा

आमचे घरमालक मोहितेअण्णा उभ्या आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, मंगळूरला, कुणाच्या तरी लग्नाला गेले असताना, तोही लांबून. पण त्यांच्यासमोर "सुट्टीत कूर्गला जातोय" असं म्हणून बघा. हातातलं काम बाजूला ठेवतील, तुमची कीव आल्यासारखं बघतील आणि म्हणतील, "कूर्गला काय आहे? डॉमिनिकाला जावा."

डॉमिनिका कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल तर लाजू नका. वेस्ट इंडीजमधलं ते एक डोंगराळ बेट आहे, आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. जवळजवळ त्याच नावाचा एक मोठा देश त्याच समुद्रात आहे आणि लोक हमखास गल्लत करतात. मीही केली. नागपूरहून बदली होऊन बंगळूरला आलो, पीण्या या कारखान्यांच्या भागाच्या अलीकडे अण्णांच्या वरच्या मजल्यावर सामान लावलं, आणि पहिल्याच चहाला ही चूक करून बसलो. अण्णांनी कप खाली ठेवला. "ते वेगळं, हे वेगळं. पीण्याला निघालेला माणूस पुण्यात उतरला, तसं झालं तुमचं."

अण्णांचं घराणं बंगळूरात कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. तीन-चारशे वर्षं झाली म्हणतात. मराठी बोलतात, पण मध्येच "स्वल्प थांबा" म्हणतात आणि पटलं की "सरी". पीण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते इन्स्पेक्शनला होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग मोजायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची: पास किंवा रिजेक्ट. निवृत्त झाले तरी खोड जाईना. आमच्या घरातली नवीन शेल्फं त्यांनी येऊन मोजली आणि उजवीकडचं चार मिलिमीटर खाली आहे असं सांगून गेले. तेव्हापासून माझी नजर तिथंच जाते.

त्यांच्या दिवाणखान्यात, जिथं बाकीच्यांच्या घरी टीव्ही असतो तिथं, डॉमिनिकाचा हातानं काढलेला नकाशा आहे. डोंगरांच्या उंचीच्या रेघा, नद्या, पायवाटा, सगळं शाईनं. त्या बेटावर उकळत्या पाण्याचं एक तळं आहे आणि जगभरचे लोक ते बघायला जातात. अण्णांच्या नकाशात ते नाही. "पुस्तकात हाय ते. मला पुस्तकात नाही ते पायजे." त्यांच्या नकाशात आहेत त्या वेगळ्याच जागा. समुद्राच्या तळातून बुडबुडे कुठं येतात, नदीकाठी गरम पाण्याचा झरा कुठं आहे, दोन कड्यांमधल्या कोणत्या फटीतून पोहत जावं लागतं. आणि धबधबे. ज्यांना नाव नाही असे पन्नास-साठ धबधबे, प्रत्येकाला अण्णांनी दिलेला नंबर आणि कारखान्यातल्यासारखी चिठ्ठी. सगळ्यांवर रिजेक्ट.

इंटरनेटवर कुणी डॉमिनिकाचा फोटो टाकला की अण्णांचं पत्र गेलंच समजा. मजकूर ठरलेला: "महोदय, आपला धबधबा छान आहे. उंची कळवावी. अंदाज नको." बहुतेक जण उत्तर देत नाहीत. एका जर्मन बाईंनी दिलं, वीसेक मीटर असेल म्हणून. अण्णांनी उलट विचारलं, कोणत्या उपकरणानं मोजली? बाई पुन्हा बोलल्या नाहीत.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी एकदा पडद्यावर चित्रं दाखवून भाषण केलं. विषय, डॉमिनिकाची अपरिचित निसर्गस्थळं. लोक प्रसादाच्या आशेनं बसले होते आणि अण्णा एकेका ओढ्याचं पाणी कुठून येतं ते सांगत होते. शेवटी पुढच्या रांगेतल्या एकानं जांभई आवरत विचारलं, "अण्णा, तुम्ही गेला होता कधी?" अण्णा पडद्याकडे वळले. मागून त्यांच्या बायको, सगळ्यांच्या अक्का, म्हणाल्या, "अजून नाही," आणि उठून पानं मांडायला लागल्या. लोक हसले. त्यात मी होतो, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसलो होतो.

घरी येताना जिन्यावर शेजारच्या बाईंनी मला थांबवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? त्यांचा विनय तिथं डॉक्टर व्हायला गेला होता. परत आलाच नाही."

पुढं हळूहळू कळलं ते असं. विनय एकुलता एक. तिथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. एका रविवारी रानात हिंडायला गेला आणि संध्याकाळी खोलीवर परतून त्यानं घरी फोटो पाठवला. गुडघाभर पाण्यात तो उभा आहे, मागं धबधबा, आणि डावीकडे मधोमध चिरलेला एक भला मोठा खडक. पुढच्या रविवारी खोलीतल्या मित्राला "त्याच धबधब्यावर जाऊन येतो" म्हणून निघाला, तो गेलाच. आठवडाभर लोकांनी शोधलं. पण कुठल्या दरीत शोधायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णांच्या हातात पासपोर्ट पडला तेव्हा शोध थांबला होता.

"मग नंतर का गेला नाहीत?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

"कुठं जाऊ? बेटावर उतरून रस्त्यात उभा राहू काय? जागा कळू दे. मग जातो."

तेव्हापासून अण्णा तो धबधबा शोधत होते. फोटोतला खडक, पाण्याची रुंदी, पोराची उंची पाच फूट आठ इंच, त्यावरून सगळी मापं काढून ठेवलेली. नवा फोटो आला की मापं घ्यायची, जुळली नाहीत की रिजेक्ट. ज्याला आम्ही वेड समजून हसत होतो, तो त्यांचा रोजचा शोध होता. मला स्वतःची लाज वाटली आणि अजून वाटते.

यंदा बारा वर्षं पुरी होत होती. बारा वर्षं ज्याचा पत्ता लागत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा आणि मग दिवसवार करायचे, अशी रीत आहे. अक्कांचे भाऊ देवनहळ्ळीला असतात, ते दर पंधरा दिवसांनी येऊन तेच सांगत. पोराचा जीव अधांतरी ठेवू नका, भटजींशी बोललोय, तारीख धरू. अण्णा मान खाली घालून ऐकत. अक्का मात्र एकच वाक्य बोलत, "कुठं गेला ते कळू द्या, मग जाळा." आईच बसायला तयार नाही म्हटल्यावर विधी अडला. आणि विधी अडला की अण्णा पुन्हा नकाशापुढं जाऊन उभे राहत.

मी म्हटलं, मूळ फोटो द्या, मी तिथल्या डोंगर चढणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर टाकतो. अण्णांनी भिंतीवरचा छापील फोटो पुढं केला. मी म्हटलं, हा नको, अस्सल हवा, फोनमधला. ते टाळायला लागले. चार्जर नाही, फोन बिघडलाय, बघू उद्या. शेवटी अक्का म्हणाल्या, "द्या की हो त्यांना," तेव्हा कपाटातून बिस्किटाचा डबा निघाला आणि डब्यातून जुना फोन.

वर नेऊन कसाबसा चालू केला. फोटो सापडला. त्याच्याखाली विनयचा मेसेज होता: "अण्णा, ही जागा कुठल्याच नकाशात नाही. इथं कुणी येत नाही." त्याखाली अण्णांचं उत्तर: "छान. उंची किती? अंदाज नको, मोजून सांग." आणि शेवटी विनयचं: "सरी अण्णा. येत्या रविवारी दोरी नेतो."

पुढं काही नव्हतं.

मी फोन परत द्यायला गेलो तेव्हा अण्णा दारातच उभे होते. अक्का आत भांडी लावत होत्या. "वाचलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

माझं खोटं त्यांना कळलं असणार. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापातली खोट पकडणारा माणूस. "अक्काला..." एवढं म्हणून ते थांबले आणि फोन डब्यात ठेवून कुलूप लावलं.

ग्रुपवर टाकलेल्या फोटोला तीन आठवड्यांनी उत्तर आलं. क्लेमंट नावाचा एक शेतकरी, अधूनमधून वाटाड्याचंही काम करणारा. चिरलेला खडक त्यानं ओळखला होता. त्याच्या वडिलांचा अळूचा मळा त्याच कड्याच्या वर होता. मोठ्या वादळात अर्धा कडा ढासळला, वाट बुजली, म्हणून आताच्या फोटोंत ती जागा सापडणं शक्यच नव्हतं. आता तिथं फोनला थोडी रेंज असते, रविवारी जाऊन दाखवतो, असं त्यानं लिहिलं होतं. अण्णांनी त्याला आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं आणि सवयीनं शेवटी तेच वाक्य टाकलं, उंची कळवावी. टाकताना त्यांच्या लक्षात तरी आलं की नाही, कोण जाणे.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिघं माझ्या लॅपटॉपपुढं बसलो. तिथं सकाळचे नऊ वाजले होते. क्लेमंटच्या पायात रबरी बूट होते. केळीतून, अळूच्या पानांतून तो खाली उतरत होता. चित्र मध्येच थिजायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. अक्कांनी पदर हातात घट्ट धरला होता. अण्णांच्या मांडीवर मापांची वही होती, पण उघडलेली नव्हती.

मग खडक दिसला. मधोमध चिरलेला, आता अंगावर शेवाळ चढलेला. धबधब्याची नुसती धार उरली होती.

"हेच," अक्का म्हणाल्या.

पडद्याजवळ सरकून अण्णा पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत.

तेवढ्यात क्लेमंटनं पिशवीतून दोरी काढली. टोकाला दगड बांधलेला. "सर, तुम्हाला उंची हवी होती ना," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "वर चढून सोडतो." फोन एका फांदीला टेकवून तो ओल्या खडकावर चढायला लागला.

अण्णा ताडकन उठले. खुर्ची मागं पडली. "नो, सर. नो हाइट. काइंडली कम बॅक." क्लेमंट हसला, काही त्रास नाही म्हणाला आणि आणखी एक पाऊल वर गेला. अण्णांचा आवाज फाटला. इंग्रजी सुटलं. "बाळा, वर नको जाऊ. उंची नको मला. खाली ये, खाली ये रे."

क्लेमंटला मराठी कुठली कळणार. पण तो थांबला. फोनकडे वळून पाहिलं आणि सावकाश, बसून बसून, खडकावरून खाली उतरला. दोरी त्यानं गुंडाळून पिशवीत टाकली.

अण्णा उभेच होते, टेबल धरून. अक्कांकडे बघायची त्यांची हिंमत होईना. मी पडलेली खुर्ची उचलली.

"मला ठाऊक हाय," अक्का म्हणाल्या. "मला फोन करून गेला होता तो. अण्णांना उंची पायजे, दोरी घेऊन चाललोय म्हणाला. मी म्हटलं, जा, पण बूट घालून जा."

अण्णा खाली बसले. "बारा वर्षं बोलली नाहीस."

"काय बोलू. मी तरी कुठं अडवलं?" त्यांनी अण्णांच्या मांडीवरची वही काढून टेबलावर ठेवली. "दादाला निरोप द्या. भटजींना तारीख धरायला सांगा. मी बसते."

तिकडून क्लेमंट विचारत होता, फोन बंद करू का, चढ आहे, हात मोकळे लागतील. मी अक्कांना सांगितलं.

"नको म्हणावं," अक्का म्हणाल्या. "खिशात ठेवू दे, पण चालू ठेव म्हणावं. तो रस्त्याला लागेपर्यंत."

त्याला रस्त्याला लागायला चाळीस मिनिटं लागली. पडद्यावर त्याच्या सदऱ्याचं कापड आणि चिखलानं भरलेले बूट, याशिवाय काही दिसत नव्हतं. अण्णा आणि अक्का शेजारी शेजारी बसून तेच बघत राहिले.