प्रश्न गोठवून मिळतील

मूल होणे ही नवराबायकोची सर्वस्वी खासगी बाब असून तिच्यावर दोन्हीकडच्या समस्त नातेवाइकांचा समान हक्क असतो. हे सत्य सर्वप्रथम मान्य केले ते आमच्या गल्लीतल्या वंध्यत्व उपचार केंद्राने. तिथला पंखा चांगला, म्हणून मी रोज जाऊन बसत असे. तेव्हा पुढचे सारे डोळ्यांदेखतचे आहे. (मोतीबिंदूचे ऑपरेशन नंतर झाले.)

केंद्रात स्त्रीबीजे, शुक्राणू आणि गर्भ उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवून ठेवत. यंत्रे उत्तम, डॉक्टरीणबाई हुशार. तरी जोडपी उपचार अर्धवट सोडून पळत. चौकशीअंती आढळले की शंभरांतली नव्वद "काय मग, काही विशेष?" या प्रश्नाला कंटाळून पळतात. उरलेल्या दहांना नातेवाईक नव्हते.

सबब, शेजारच्या टाकीत नातेवाइकांचे प्रश्न गोठवण्याची सोय झाली. नातेवाइकाने नळीत तोंड घालून मनातले एकदाच बोलावे, लगेच बूच. उपचार संपेपर्यंत तो विषय त्याच्या जिभेवर येत नसे. सरळ प्रश्नाला लहान नळी. "घर पुढेमागे लहान पडेल, नाही?" अशा आडवळणी प्रश्नाला वाकडी. दुसऱ्याच्या बाळाचा फोटो दाखवून नुसता सुस्कारा सोडणाऱ्यांसाठी मात्र पिंप लागे.

एका चष्मेवाल्याचे आणि भूगोल शिकवणाऱ्या त्याच्या बायकोचे दोन प्रयत्न फसले होते. टाकीत त्यांचा एकच गर्भ उरला होता. तो गर्भाशयात ठेवण्याच्या दिवशी सोबत आली चष्मेवाल्याची आत्या.

"मी कुठे काय विचारते गं बाई?" आत्या नर्सला म्हणाली. "मी आपली सांगते. जिने चढू नकोस, मोठ्याने हसू नकोस, ती शाळा सोड..."

"आजी, नळी घ्या."

"किती वेळ धरायची?"

"बोलून संपेपर्यंत."

अकरा नळ्या लागल्या. शेवटचे बूच बसले आणि आत्याकडे बोलायला काही म्हणजे काही उरले नाही. ती भाचेसुनेशेजारी येऊन बसली. पंखा बघून झाला, स्वतःच्या चपला बघून झाल्या. मग रक्त काढून काढून काळानिळा पडलेला सुनेचा हात तिला दिसला.

"दुखतं का गं?"

सूनबाईने मान हलवली आणि आत्याच्या खांद्यावर डोके टेकून ती ढसाढसा रडली.

नर्स नळी घेऊन धावली. पण हा प्रश्न सरळ की आडवळणी, काही ठरेना. असा प्रश्न तिथे कोणी आणलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो न गोठवता तसाच राहू द्यायला सांगितले. मग आतून हाक आली. सूनबाई डोळे पुसून आत गेली, दार लागले.

हकीकत एवढीच. आता मंडळी, पुढे सरकून, मान वाकडी करून तुम्ही मला काय विचारणार आहात ते मला पक्के ठाऊक आहे. तिचा हात कसा आहे, हे खासच नव्हे.