बुश मऊ की कडक

नोकरीभर हेडक्लार्कांनी एकच नियम पाळला होता: निर्णय आपण घ्यायचा नाही, फाईल पुढे सरकवायची. पण त्यांची म्हातारी गाडी पुढून खडखडायला लागली आणि मिस्त्रीने विचारलं, "चाकांजवळचे, हादरे झेलणारे बुश गेलेत. रबराचे टाकू की पॉलीचे? रबर मऊ, पण झिजतं. पॉली कडक, पण टिकतं." आता ही फाईल सरकवणार कुणाकडे? ते दोन्ही प्रकार घेऊन घरी आले.

झोप उडाली. बुश अंगठ्याने दाबून झाले, कानाशी धरून झाले, दातांनी चावूनही झाले (रबर चवीला बरं होतं). जेवतानाही दोन बुश ताटाशेजारी.

"मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात," बायको म्हणाली.

(म्हणून तर आता घाई नको, हे हेडक्लार्क मनातच म्हणाले.)

शेवटी प्रयोग करायचं ठरलं. घरात हादरे देणारी वस्तू एकच, वॉशिंग मशीन. बायको बाहेर पडताच त्यांनी मशीनच्या दोन पायांखाली रबर सारलं, दोन पायांखाली पॉली, आणि बटण दाबलं. कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन आधी डुललं, मग चालायला लागलं. हेडक्लार्क त्याला मिठी मारून मागे ओढत होते, पण ते नळी उपटून हॉलच्या दाराशी पोचलं. बायको आत आली तेव्हा घोटाभर पाणी होतं आणि नवरा मशीनवर आडवा होता.

"रबराची बाजू घसरली," ते म्हणाले. "पॉलीच टाकू."

"काय वाटेल ते टाका. रविवारपर्यंत आवाज थांबला नाही, तर गाडी विकायची."

ऑफिसात हेडक्लार्कांना कुणी विचारत नसे, घरात तर नाहीच. त्या गाडीत बसलं की मात्र आपणही कुणीतरी आहोत असं त्यांना वाटे. त्यांनी धावतपळत पॉली बसवून घेतले. आवाज पार गेला.

रविवारी ते फेरी मारून ऐटीत परतले, तर हॉलमध्ये शेजारचे ड्रॉइंग मास्तर चहा पीत बसलेले.

"मास्तर कधीपासून गाडी मागताहेत," बायको म्हणाली. "खडखडाट ऐकून माघारी जायचे. आता काही प्रश्न नाही."

"अगं, पण तू म्हणाली होतीस..."

"आवाज थांबला नाही तर विकायची, असं म्हणाले होते. थांबला तर ठेवायची, असं कुठं म्हणाले?"

मास्तर किल्ली घेऊन गेले आणि कंबर धरून परत आले.

"गाडी झकास आहे. फक्त रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो. मऊ बुश असते तर आत्ता घेतली असती."

हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. "मऊ आता कुठले मिळायला? फार जुनं मॉडेल आहे," त्यांनी तोंड पाडून सांगितलं.

बायको आत गेली आणि पिशवी घेऊन आली. मशीनखालचे रबरी बुश तिने धुऊन, पुसून ठेवले होते. मास्तरांनी एकेक निरखून पाहिला. एकावर दातांच्या खुणा होत्या.

"उंदीर लागलेला दिसतोय," ते म्हणाले. "पण चालेल."