'डिस'चं वजन

आमच्या बिदरच्या ऑफिसात इंग्रजी म्हटलं की नागसेन, म्हणजे मी! कन्नड मला फाडफाड बोलता येतंय, पण लिहायला बसलो की अक्षरं जिलबीसारखी एकमेकांत गुंततात. आन् नव्या साहेब नेत्रावती मॅडमना मराठी येत न्हाई. म्हणून रजेचा मेसेज इंग्रजीत ठोकला.

त्या दिवशी आमच्या गावात, जनवाड्यात, तुरीची रास म्हणजे मळणी होती. 'शेतातल्या कामामुळं येऊ शकत न्हाई,' एवढंच कळवायचं होतं. 'अनेबल' लिहिणार होतो, पण शब्द कसा मुळमुळीत वाटला. 'अन' काय, 'डिस' काय, दोन्हीचा अर्थ 'न्हाई'च! त्यात 'डिस'ला वजन हाय. लिहिलं, 'ड्यू टू फार्म वर्क, आय ॲम डिसेबल्ड!' फोन घरी चार्जिंगला लावला आन् शेताकडं निघालो.

तिकडं मॅडम वाचून ताडकन उठल्या. शेतात काम करताना नागसेन अपंग झाला! लगेच फोन लावला. तो उचलला माझ्या बायकोनं, महानंदानं. ती सकाळपासून माझ्यावर खवळलेली, कारण मी बसताना बाजेचा पाय मोडला होता.

"कुठं लागलंय? पाय तर मोडला न्हाई ना?" मॅडमनी कन्नडात विचारलं.

रेंज कमी. महानंदाला ऐकू आलं फक्त 'पाय मोडला'. तिला वाटलं, बाजेचं गाऱ्हाणं मी ऑफिसातबी सांगितलंय!

"मोडला की! ह्यांनीच कुऱ्हाडीनं तोडून काढला!"

"अय्यो! मग आता?"

"आता काय? बाभळीचा बसवायलेत!"

तासाभरात शेताच्या कडेला जीप! आत मॅडम, डझनभर केळी, ऑफिसची व्हीलचेअर आन् बालाजी. बालाजी आमचा सहकारी, लहानपणापासून कुबडीवर चालतोय. नेमका तेव्हाच मी राशीत तोंड घातलेल्या गायीमागं पळायलो होतो. एका उडीत बांध ओलांडला तो थेट जीपपुढं!

मॅडम माझ्या पायांकडं बघतच राहिल्या. दोन होते.

"अण्णा," बालाजी म्हणाला, "खुर्ची खाली उतरवू, का तुमच्या मागं पळवू?" मग त्यानं मला मेसेज दाखवला. "येऊ शकत न्हाई, ते 'अनेबल'. 'डिसेबल्ड' मी हाय! त्याच्या सर्टिफिकेटासाठी मी तीन वर्षं चकरा मारल्या, तुम्ही एका मेसेजात झालात?"

राशीवरची माणसं पोट धरून हसली. शेवटी मॅडमबी हसल्या. पण जाताना म्हणाल्या, "उद्या लेखी माफी पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी लई जपून लिहिलं. 'अन' नको, 'डिस'बी नको. मॅडमच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेतला, असं म्हणायचं होतं. मोबाईलात शोधून 'अब'वाला सभ्य शब्द काढला, 'डिअर मॅडम, आय अब्यूज्ड यू!' आन् कच्चा कागद ऐटीत बालाजीला दाखवला.

त्यानं कपाळावर हात मारला. "अण्णा, ह्याचा अर्थ 'मी तुम्हाला शिव्या दिल्या' असा होतोय! पक्कं पत्र कुठाय? फाडा आधी!"

फाडणार कसं? ते मॅडमच्या केबिनीत पोचून पाच मिनटं झाली होती. आन् काचेतून दिसायलं होतं, मॅडम चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचायल्या होत्या.