लिफ्ट असलेली इमारत

“लिफ्ट असलेली इमारत?” प्रेमलाताईंनी चष्मा सारखा करून मोबाइलवरची जाहिरात पुन्हा वाचली. “अहो, उन्हाळ्यापासून बंद आहे ती.”

“मग चालू आहे असं कुठं लिहिलंय मी?” यज्ञेश्वरराव म्हणाले. “असलेली, एवढंच लिहिलंय. आहे की नाही? खाली जाऊन बघून ये.”

खाली जाणं हेच तर अवघड होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून प्रेमलाताई तिसऱ्या मजल्यावरून उतरल्याच नव्हत्या. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाणारी बाई आता गॅलरीतूनच त्या दिशेला हात जोडायची आणि म्हणायची, ‘आता तूच ये बाबा वर.’ जुळे सोलापुरातला हा फ्लॅट विकून तळमजल्यावर कुठंतरी जायचं ठरलं होतं, ते त्यासाठीच. ‘दुरुस्तीला लोक पैसेच देत नाहीत, काय करणार,’ असं यज्ञेश्वररावांनी सांगितलं होतं. निवृत्त हेडक्लार्कच्या शब्दावर बायको तरी विश्वास ठेवतेच.

पण जुन्या फ्लॅटकडं गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा त्यांनी जाहिरातीत आणखी एक ओळ घातली: ‘बँकेची भानगड नाही. निम्मे आता, निम्मे मालकालाच हप्त्याने.’ ही ओळ लागू पडली. दुसऱ्याच दिवशी वळसंगचा अभिमन्यू धापा टाकत वर आला. इथंच एका कंपनीत नोकरीला, बोलायला मऊ, आणि फ्लॅट पाहताक्षणी पसंत.

“एक सांगून टाकतो काका,” तो म्हणाला. “मोटरसायकलचा हप्ता चुकला होता. त्यात बँकेतला स्कोर पडला, आता कर्ज देईनात. आणि शहरात फ्लॅट नाही म्हणून कुणी पोरगी देईना.”

“स्कोर क्रिकेटमध्ये बघायचा,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “माणसाची पत गावात कळते. हप्त्याचा मामला आहे, मी माझ्या पद्धतीनं चौकशी करणार.”

झालं. इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी स्कूटरवरून वळसंगला. स्टँडजवळच्या टपरीवर चहा मागवून त्यांनी आडवळणानं विचारलं, “तो अभिमन्यू कसा मुलगा आहे हो? व्यसन वगैरे? डोक्यावर काही देणं? घरची माणसं कशी?”

आता बिनलग्नाच्या पोराबद्दल शहरातला माणूस येऊन असं विचारायला लागला, तर गावाला त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो. आणि स्थळ आलं म्हटलं की गाव आपल्या पोराला नाव ठेवत नाही. बांधावरून भांडणारासुद्धा त्या दिवसापुरता भाऊ होतो.

“सोनं हाय सोनं,” एकजण म्हणाला. “सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय.”

“देणं?” दुसरा म्हणाला. “उलट आमीच त्याचं देणं लागतो की.”

निघताना टपरीवाल्यानं नाव-पत्ता विचारला, तोही त्यांनी ऐटीत देऊन टाकला. यज्ञेश्वरराव खुशीत परतले. बँकेला जे जमलं नाही ते आपण एका चहात केलं, असं त्यांनी बायकोला जेवताना दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी इमारतीखाली टेम्पो थांबला. अभिमन्यूची आई गोजरबाई, मामा, मावशा, आत्या, सगळा गोतावळा गुडघ्यांवर हात टेकत वर आला आणि हॉल भरून गेला. गोजरबाईंनी पिशवीतून साडी आणि पेढे काढून टीपॉयवर ठेवले. “बोलवा की पोरीला,” त्या म्हणाल्या.

“कुठल्या पोरीला?” यज्ञेश्वररावांनी विचारलं. त्यांना एकच अपत्य, तो सुबोध, आणि तो पुण्यात.

तेवढ्यात मोटरसायकल लावून अभिमन्यू धावत वर आला. “आई, निघण्याआधी मला विचारायचं तरी. ती चौकशी फ्लॅटसाठी होती.”

मावशीनं पेढ्यांचा पुडा हळूच परत पिशवीत ठेवला. गोजरबाई मात्र खमक्या. “बरं. आलोच हाय तर फ्लॅट दावा,” त्या म्हणाल्या, आणि मुलगी बघावी तसा त्यांनी फ्लॅट बघितला. नळ सोडून पाहिले, कॅलेंडर उचलून मागची ओल पाहिली, ओट्यावरून हात फिरवला. “रूपानं बरा हाय,” त्या म्हणाल्या, “पर पायानं अधू. लिफ्ट चालत न्हाय.”

“लोकांनी पैसे दिले की लगेच होईल सुरू,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

“दिल्यात की समद्यांनी. खाली तळमजल्याच्या दानेश्वरीबाईंकडं पाणी प्यायला थांबलो व्हतो. म्हटलं, मुलीकडची माणसं कशी हायती बघावं. तुमी आमची चौकशी केली, मग आमी तुमची केली तर बिघडलं कुटं? त्या म्हनल्या, बाई लाखात एक. पर मालकाचे लिफ्टचे पैसे तेवडे थकल्यात. त्यापायी काम अडलंय.”

प्रेमलाताईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

“मी फक्त चार ठिकाणचे भाव मागवा म्हणत होतो,” यज्ञेश्वरराव पुटपुटले. “तत्त्वाचा प्रश्न होता.”

“तुमच्या तत्त्वापायी मी देवाला गॅलरीतून हाका मारत होते होय,” प्रेमलाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे यज्ञेश्वररावांना जास्तच भीती वाटली. मग त्या आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. सगळ्यांना कप पुरले, यज्ञेश्वररावांना पुरला नाही.

संध्याकाळच्या आत पैसे भरले गेले. पुढच्या आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. सोमवारी प्रेमलाताई सिद्धेश्वराला जाऊन आल्या, तळ्याकाठी मनसोक्त बसल्या, थोडं रडूनही घेतलं, आणि घरात पाय ठेवताच म्हणाल्या, “आता कशाला विकायचं हे घर?”

हे अभिमन्यूला सांगायला दोघं वळसंगला गेले. त्याचा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे फ्लॅट पण गेला आणि पोरगी पण गेली,” तो म्हणाला.

प्रेमलाताईंचा जीव कळवळला. “मुलगी आम्ही बघतो रे तुझ्यासाठी,” त्या बोलून गेल्या.

मग यज्ञेश्वररावांना समोर बसवून त्यांनी नवी जाहिरात लिहून घेतली. ‘वधू पाहिजे. मुलगा नोकरीला, स्वभावाने मऊ. निर्व्यसनी असल्याचे गाव सांगते, पण गाव सगळ्यांबद्दल तसेच सांगते, तरी स्वतः खात्री करावी. मोटरसायकलचा एक हप्ता चुकला होता, भरला. फ्लॅट नाही, शोधतो आहे.’ खाली नाव आणि नंबर यज्ञेश्वररावांचा.

“अशा जाहिरातीला कुत्रं विचारणार नाही,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

पहिला फोन होटगीहून आला, एका मुलीच्या वडिलांचा. प्रेमलाताईंनी स्पीकर लावला.

“मुलाचं कळलं ताई,” ते गृहस्थ म्हणाले. “खरं लिहिलंय, बरं वाटलं. पण मध्यस्थ कसाय तेही बघावं लागतं. जाहिरात देणारे यज्ञेश्वरराव, ते कसे आहेत?”

यज्ञेश्वररावांनी पेपर खाली केला.

“त्यांचाही एक हप्ता चुकला होता,” प्रेमलाताई म्हणाल्या. “भरला.”