नकलेच्या खिडकीतले बापू

बापू सुपेकरांनी उपम्याचा पहिला घास घेतला, की सूनबाई दारात येऊन उभ्या राहत. बापू सावकाश चघळत आणि निकाल देत, "अर्ज त्रुटीत आहे." म्हणजे मीठ कमी.

बापूंची सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात, नकलेच्या खिडकीमागे गेली. ज्याला कोर्टातल्या कागदाची नक्कल हवी त्याने अर्ज करायचा आणि बापूंनी त्यातली चूक काढायची. रिटायर झाले तरी खिडकी सुटली नाही. बेलापूरच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून ते "त्रुटीत आहे" म्हणाले, की भाजीवाली म्हणे, "मंग ठिवा खाली, बापू. दुसऱ्याला घिऊ द्या." परत पाठवलेल्या अर्जांचे किस्से ते रंगवून सांगत, आणि मीही पोट धरून हसत असे.

त्यांना आमच्या कामात ओढलं मीच. मी निवृत्त मास्तर आणि गावातल्या एक वकीलबाई, असे आम्ही दोघं वाचनालयात बसून कंपन्यांच्या गैरकारभाराच्या खटल्यांचे कागद स्कॅन करतो, टाइप करतो आणि वेबसाइटवर ठेवतो. कुणीही घरबसल्या नाव टाकावं, कागद समोर यावा. फुकट.

"अर्जाशिवाय नक्कल?" बापूंनी विचारलं आणि प्यायला पाणी मागितलं.

पण माणूस कामाला वाघ. हात धुतल्याशिवाय कागदाला शिवायचे नाहीत. गंजलेल्या टाचण्या काढून पानाच्या डब्यात जमवायचे. आमचा एक नियम होता: कंपनीचं नाव उघडं ठेवायचं, साध्या माणसाचं मात्र काळ्या पट्टीखाली झाकायचं, त्याची परवानगी असेल तरच दाखवायचं. नियम म्हटल्यावर बापू खूश.

एके दिवशी एका रसायन कारखान्याविरुद्धचा जुना दावा निघाला. पुणतांब्याच्या गयाबाईंनी एकटीने लावलेला. कारखान्याच्या पाण्याने त्यांची विहीर नासली होती. दावा त्या हरल्या. अपिलासाठी निकालाची नक्कल हवी, म्हणून केलेले त्यांचे चार अर्ज गठ्ठ्यात होते. पहिले तीन परत केलेले. "कोर्ट-फीचं तिकीट कमी." "तारीख नाही." "अंगठा अस्पष्ट." अक्षर बापूंचं. चौथा अर्ज बिनचूक होता, पण तोवर अपिलाची मुदत टळली होती.

बापूंनी त्या दिवशी चहाला नावं ठेवली नाहीत. मला काळजी वाटली.

"परवानगी आणायला मी जातो," ते म्हणाले. माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं गेलो.

गयाबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. बापूंनी हात जोडले. "मी नकलेच्या खिडकीत होतो."

बाईंनी निरखून पाहिलं. "वळखलं. लई हेलपाटे घातले मी तुमच्या खिडकीला."

"माझं चुकलं," बापू म्हणाले. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

"आता काय त्याचं? हीर कवाच बुजवली आमी." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

बापूंनी विचारलं, "कागदावर तुमचं नाव राहू देऊ, की झाकू?"

"ऱ्हाऊ द्या की. येवडी भांडले मी. लोकांना कळू द्या."

बापूंनी शाईचा पॅड पुढे केला. म्हातारीचा अंगठा निम्मा उमटला, निम्मा फरफटला. मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी शाईवर हलकेच फुंकर घातली आणि कागद जपून खिशात ठेवला.

सूनबाई सांगतात, हल्ली उपमा अळणी झाला तरी बापू मुकाट्याने खातात. मला वाईट वाटतं. त्यांच्याबरोबर हसायला मीही होतो.

आता रोज सकाळी वाचनालयात आले, की ते आधी हात धुतात आणि एका बोटाने गयाबाईंचं नाव टाइप करतात. क्षणात निकाल पडद्यावर येतो. बापू तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, मग चष्मा काढतात.

"किती सोपं होतं हो, मास्तर," ते म्हणतात.