रताळ्यांखालचा इतिहास

जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळाची रताळी खणायची सहल व्यवस्थित पार पडली. फक्त नीलिमाचं मंगळसूत्र चिबातल्या त्या शेतात पडलं. सासूबाई पुढच्या आठवड्यात पुण्याहून यायच्या होत्या, म्हणून तिच्या नवऱ्याने, सौमित्रने, या बाबीला तातडीचा दर्जा दिला आणि अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मेटल डिटेक्टर विकत आणला.

शेतमालकाने वाकून परवानगी दिली. यंत्र दिवसभर गंजक्या खिळ्यांवर ओरडलं. शेवटी एका खड्ड्यात मंगळसूत्र सापडलं आणि त्याला चिकटून चौकोनी भोकाचं एक जुनं नाणं.

"नाणं राहू दे तिथंच. चल," नीलिमा म्हणाली.

"असं कसं? हा जपान आहे."

पुण्यात सौमित्रने सिग्नल कधी पाळला नव्हता. तो सगळा साठलेला प्रामाणिकपणा त्याने पोलीस चौकीत नेऊन दिला. हवालदाराने नाण्याबद्दल आभार मानले आणि मंगळसूत्रही ठेवून घेतलं. एका खड्ड्यातल्या वस्तूंची ताटातूट करायचा अधिकार त्याला नव्हता. दोन्ही वस्तू नगरपालिकेच्या पुरातत्त्व विभागात गेल्या, काचेखाली बसल्या. खाली चिठ्ठी लागली: 'नाणे, एदो काळ. अलंकार, भारतीय पद्धतीचा. काळ: तपास चालू.'

"तपास चालू म्हणजे प्राचीनच," मंडळाचे अध्यक्ष विजयकुमार म्हणाले. मंगळसूत्र कुणाचं हे त्यांना पक्कं माहीत होतं, सहलीत तेही होते. तरी त्यांनी फोटोसकट मेल पाठवला. योकोहामाला जाईपर्यंत अलंकार पाचशे वर्षांचा झाला, पुण्याला पोचेपर्यंत दोन हजार. मराठी माणसाने जपानला शेती शिकवली, हे मधे कुणीतरी जोडलं.

तेवढ्यात विभागाचा फोन आला. अलंकारामागे पुण्याच्या सराफाचा शिक्का होता. मनापासून माफी मागून ते म्हणाले, येऊन घेऊन जा.

सौमित्र निघाला, तर विजयकुमारांनी त्याला स्टेशनवर गाठलं.

"अरे, मंगळसूत्र दुसरं करता येईल. इतिहास कुठून करणार?"

"अहो, पण आई येतेय माझी."

"त्यांना आपण प्रमुख पाहुण्या केलंय. आणि संशोधक म्हणून मेलमध्ये तुझं नाव टाकलंय, बघितलंस ना?"

सौमित्रने बघितलं होतं. तो घरी परतला.

सासूबाई आल्या. मंडळाने त्यांना बस करून अलंकाराच्या दर्शनाला नेलं. त्यांनी काचेला हळदकुंकू लावलं, मग सुनेच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.

"बघ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाया रताळी खणतानासुद्धा काढत नव्हत्या."

 दुसऱ्या दिवशी नीलिमा एकटीच विभागात गेली, सही करून मंगळसूत्र सोडवलं आणि घालून आली.

"त्याच नमुन्याचं केलंस वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "बरं आहे. पण त्या जुन्याची सर नाही."

मग मात्र नीलिमाने शिक्क्याच्या फोटोसकट खरी हकीकत सगळ्यांना मेल केली. तो मेल तुम्हालाही आला होता. विजयकुमारांचा पहिला मेल तुम्ही ऑफिसभर पाठवलात. हा मात्र, खात्री करून घेतल्याशिवाय कसा पाठवायचा, म्हणून ठेवून दिलात.