जंतू भांडेनात

सकाळी आल्या आल्या तोफेनं काचेची बशी उजेडाकडे धरली. दोन जातींचे जंतू एकाच बशीत गुण्यागोविंदानं नांदत होते!

तोफ म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यांत धाकटी संशोधक. हे नाव तिला का पडलं ते कळेलच. तिचा जंतू पक्का गुंड. अंगात विषारी सुई बाळगायचा आणि बशीतल्या शेजारच्या जातीला खुपसायचा; सुई तशी त्या शेजाऱ्याकडेही होती. तीन वर्षं तिनं प्रबंधात हेच लिहिलं होतं. आज चार वाजता बाहेरचे परीक्षक ती कत्तल बघायला येणार, आणि इथं मेलं कोणीच नव्हतं. प्रबंध गेला की हो बाराच्या भावात!

"मामा, माझ्या बशीला हात लावलात?" ती काचसामान धुणाऱ्या मामांवर कडाडली.

"मी? मी तर आत्ता येतोय, ताई."

मग उरला शेजारच्या खोलीतला चष्मेवाला. दोघांत फ्रिज एकच. काल तो जागेवरून जरा कुरकुरला होता, म्हणजे त्यानंच वाट लावली असणार! तोफेनं मागचापुढचा विचार न करता त्याचा नळ्यांचा डबा फ्रिजमधून काढला आणि बाहेरच्या टेबलावर आदळला.

चष्मेवाला दिवसभर शिकवून चारला परतला. इकडे परीक्षक बशी डोळ्यांशी धरून "हं... हं..." करत होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"माझा डबा काढलास ना? मग हा घे तुझा!"

डबा आदळला आणि एक नळी गडगडत परीक्षकांच्या पुढ्यात आली. त्यांनी चिठ्ठी वाचली. "'शेजारी, सुईसकट.' ही तर उघडलेलीच नाही. मग बशीत काय घातलंत?"

तोफेनं कपाळावर हात मारला. गेल्या महिन्यात तिनंच सुई काढून टाकलेला एक शेजारी बनवला होता. झाकणं मात्र दोन्ही नळ्यांची निळी. "बिनसुईचा पडला वाटतं, सर."

"म्हणजे शेजाऱ्यानं खुपसलं नाही, म्हणून यानंही सुई उपसली नाही! अहो, गुंड कसला, सभ्य गृहस्थ आहे हा. आधी मार खातो, मगच मारतो. खरा शोध तर हाच! पुन्हा करून बघा, प्रबंधात घाला, मी सही करतो."

तोफेचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं बिचाऱ्याची उगीच बदनामी केली होती.

परीक्षक चष्मेवाल्याकडे वळले. "आणि तुम्ही का भडकलात?"

"मी कुठं? आधी हिनं माझा डबा फेकला."

"अगदी तस्साच!" परीक्षक खूश झाले. "आता समोरच्यानं काही केलेलं नसताना हल्ला करणारी जात मिळाली, की काम पूर्ण."

मामांनी धुण्यातून मानही वर केली नाही. "आहे ना साहेब. एकच नमुना आहे, पण सकाळपासून चालू आहे."